तुळशीपाशी

सकाळची कामं आटोपली असतील तर खिडकीशी जरा टेका. कॅमेरा पिशवीतच राहू दे. आज नुसतं बघायचं आहे.

घरातला सगळ्यात जुना अल्बम आठवा. काळी जाड पानं, मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. पान उलटताना त्याची सळसळ होते, ती ऐका. फोटोत कोण कोण आहे ते पाहून झालं की सावकाश स्वतःला विचारा, यात कोण नाही?

आमच्या अल्बमात आजी नाही. बारसं, मुंज, साखरपुडा, सगळीकडे तिच्या हातचं जेवण आहे, ती नाही. एका फोटोत तेवढा पंगतीच्या कडेला तिचा हात आलाय. तुपाचं भांडं, मनगटात सरकलेल्या बांगड्या, अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग. फोटोवाल्याने नेम धरला होता मुंजमुलावर. हात आपसूक आत आला. त्या अल्बमातला हाच फोटो मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलाय. माणसांच्या आठवणी जपायचं काम ज्याला करायचं आहे, त्याने या हातापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

आता डोळे मिटा. लग्नाचा मांडव आहे आणि तुम्ही कामावर आहात. अंतरपाट धरलाय, अक्षता वाटून झाल्यात, मंगलाष्टकं सुरू झालीत. नवरा-नवरीचे फोटो घ्या, ते घ्यायलाच हवेत. मग जोडीदाराला तिथे उभं करून हळूच मागे वळा. मुलीची आई कुठे आहे?

काही घरांत ती यावेळी मांडवात थांबत नाही. मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत असते. तिथे जा. पावलं वाजवू नका, फ्लॅश लावू नका. अंगणातला उजेड पुरतो. तांब्यातून बारीक धार पडतेय. मांडवातून ‘सावधान’ ऐकू आलं की धार क्षणभर तुटते, पुन्हा लागते. श्वास घ्या. शटर उघडून मिटायला सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो, पण तुम्हाला घाई नाही. आधी तिची नजर भेटू दे. तिने मान हलवली तर कॅमेरा उचला. पदर डोळ्यांशी नेऊन ती पाठमोरी झाली तर खाली ठेवा. एकदा मी खाली ठेवला नव्हता. फोटो फार सुंदर आला, आणि तो त्या घरी द्यायला माझा हात कधीच धजला नाही.

लग्न सोडा, आता साधा मंगळवार घ्या. रोल होते तेव्हा एकात ३६ फोटो; त्यात मंगळवारच्या वाट्याला काय येणार? आणि तरी दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावला आणि दिवसामागून दिवस त्याची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. कुंडीतलं रोप, घरातली जागा, बाकी काही नाही. तुमच्या घरात असं रोज थोडं थोडं वाढणारं, थोडं थोडं वाकणारं कोण आहे? त्या माणसाजवळ मनाने थोडा वेळ थांबा.

त्याचे फोटो फोनमध्ये शेकड्यांनी असतील. त्यातला एक निवडा, कागदावर छापून घ्या. मागे नाव, गाव, तारीख लिहा. नुसतं ‘आई’ लिहू नका, पूर्ण नाव लिहा. पन्नास वर्षांनी तो ज्याच्या हाती लागेल, त्याची ती आई नसेल.

आता डोळे उघडा. स्वयंपाकघरात कुणीतरी परात पुढ्यात घेऊन मेथी निवडत बसलं असेल. समोर जाऊन बसा, एक जुडी आपल्याकडे ओढा. देठ मोडायला लागा आणि समोरच्या बोटांकडे बघत राहा.