सृष्टिशोभेचा अधिकार

प्रवास प्रत्यक्ष घडण्यापूर्वी तो नकाशावर एकदा घडून गेलेला असतो, आणि पुष्कळदा हा पहिला प्रवासच अधिक सुखाचा असतो. तेथे ऊन लागत नाही, वाट चुकत नाही, आणि जे नको असेल ते सहज वगळता येते. या वगळण्याच्या स्वातंत्र्याविषयीच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

गेल्या ज्येष्ठात आमच्या घरी अशीच एक आखणी चालली होती. मुंबईहून मनोरवरून विक्रमगड, पुढे जव्हार व मोखाडा, तेथून तोरंगणचा घाट चढून त्र्यंबक आणि नाशिक, व शेवटी सिन्नरकडील उघडे पठार, असा मोटारीचा मार्ग ठरला. इतक्या थोड्या अंतरात सृष्टीची इतकी भिन्न रूपे क्वचितच पाहावयास मिळतात. जव्हारच्या डोंगरांत वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीची धार ओलांडून सिन्नर गाठावे, तो वीस-बावीस इंचांवर येतो. हिरव्या दऱ्यांतून निघालेला मनुष्य दुसऱ्या दिवशी बाभळींच्या व माळरानाच्या मुलखात असतो. मुलांनी थांबण्याची स्थळे काढली : मुकणे राजघराण्याचा जयविलास राजवाडा, 1664 साली सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांनी जेथे मुक्काम केला असे सांगतात, ते शिरपामाळ, आणि दाभोसाचा धबधबा. धबधबा भरात असावा म्हणून श्रावण महिना पक्का झाला.

नकाशा न्याहाळताना आमची दृष्टी जव्हार तालुक्यातील एका नावावर खिळली : वांगणी. येथे काय आहे, असे आम्ही विचारताच कन्येने थोडा शोध घेऊन सांगितले, "बाबा, तिथे पाहण्यासारखं काही नाही."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु आमच्या पिढीस हे नाव निराळ्या कारणाने ठाऊक आहे. 1992 साली वावर-वांगणी येथील आदिवासी बालके कुपोषणाने दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. 2014 साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी 2016 साली शेजारच्या मोखाड्याहून पुन्हा तशाच वार्ता आल्या. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, जेथे मुले भुकेने गेली तेथल्या डोंगरांस सुंदर म्हणून सुखावण्याचा आम्हांस अधिकार तरी आहे काय?

सौंदर्याचा आस्वाद निर्हेतुक असतो, हे कान्टचे मत आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहो. भूक भागल्यावरच कोणाला अभिरुची आहे व कोणाला नाही हे कळते, असेही त्याने 1790 च्या आपल्या ग्रंथात सुचविले आहे. रस्किन त्याहून प्रामाणिक. आल्प्सची शोभा वर्णन करण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्यानेच 1856 साली लिहिले की, या पर्वतांच्या पायथ्याशी राहणाऱ्या दरिद्री शेतकऱ्यांच्या जीवनात त्या शोभेचा एक किरणही शिरत नाही. या दोघांच्या मतांत एक गृहीत समान आहे : पाहणारा निराळा आणि भुकेला निराळा.

हे गृहीत आमच्या या डोंगरांत टिकत नाही. मोखाड्याचा बोहाडा, त्यातील मुखवटे आणि सोंगे, तारप्याच्या सुरावर फिरणारा नाच हे सर्व ज्यांच्या घरी नागली-वरीचे कणगे वर्षभर पुरत नाहीत, त्यांचेच वैभव आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांस 2011 साली पद्मश्री मिळाली. वारल्यांची चित्रे वाचकांनी पाहिलीच असतील. त्यांत डोंगर आहे, झाड आहे, पाऊस आहे. पण मनुष्य वगळून काढलेला डोंगर सहसा आढळत नाही. नांगरणारा, पाणी वाहणारी, नाचणारे, हे सारे त्याच लयीत असतात. निर्मनुष्य निसर्गशोभा हा शोध आमचा आहे. तेथे राहणाऱ्यांचा नव्हे.

मग आम्ही ठरविलेल्या श्रावणाकडे पुन्हा पाहिले. आषाढ-श्रावण हे या मुलखात दृष्टीच्या सुखाचे महिने, तसेच उपासाचेही. मागील पीक संपलेले असते, नवे हाती आलेले नसते, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर मजुरीस गेलेली कुटुंबे परत येऊन शेतात राबत असतात. आणि तो धबधबा! चढ उभा, खडक काळा व कठीण. पडलेले पाणी मुरत नाही, पश्चिमेच्या समुद्राची वाट धरते. ज्यास आम्ही शोभा म्हणतो ते त्या भूमीला सोडून जाणारे पाणी असते. तेच चैत्र-वैशाखात नसते, म्हणून मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते.

थोडे पाणी अडविले जाते हे खरे. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मोठ्या धरणाने अडविली आहे. ते पाणी मुंबईस येते. नकाशाशेजारी आमच्या पाण्याचा पेला होता. त्यात ही नदी होती. पुराणांत याच नावाची नदी पापी जिवांच्या वाटेत आडवी येते, हा योगायोग त्या दिवशी आम्हांस हसण्यासारखा वाटला नाही.

येथे कोणी म्हणेल, "तर मग घरी बसा." पण घरी बसून आम्ही निर्दोष कसे ठरणार? त्या डोंगरांशी आमचा संबंध मोटार निघाल्यावर नव्हे, नळ उघडल्यावरच जडतो. दुसरा कोणी म्हणेल, "तर वांगणीस जाऊन या." तेही आमच्याने होईना. दुःखाच्या जागी प्रेक्षक म्हणून जाणे, दोन उसासे टाकणे आणि उजळल्या मनाने परतणे, हे धबधब्यासमोर उभे राहण्याहून अधिक आक्षेपार्ह आहे. धबधब्याला आमच्या दृष्टीची लाज वाटत नाही. एखाद्या आईस वाटेल.

आमच्या मते दोष सौंदर्याच्या आस्वादात नाही. तो त्या वगळण्यात आहे. डोंगर सुंदरच आहेत. त्यांची कथा ठाऊक झाल्याने ते कुरूप होत नाहीत. मात्र ते फुकटचे राहत नाहीत. जाणून घेतलेल्या शोभेबरोबर एक ऋण येते, आणि ते अश्रूंनी फिटत नसते. ते फेडण्याची आरंभीची रीत साधी आहे. ज्या मुलखातून जावयाचे तेथेच मुक्काम करावा, तेथलीच भाकरी घासाघीस न करता विकत घ्यावी. आणि शहरात परतल्यावर नागरिक म्हणून विचारीत राहावे की, ज्यांच्या दारावरून पाणी येते त्यांचा त्यावर पहिला हक्क का नाही? हा शेवटचा भाग सर्वांत कंटाळवाणा, म्हणूनच सर्वांत आवश्यक आहे.

आखणी अखेर बदलली, रद्द झाली नाही. सिन्नरचे पठार पुढल्या खेपेस ठेवून जव्हारास एक रात्र वाढविली. आणि येत्या वैशाखात, धबधबा आटलेला व विहिरींचे तळ दिसत असताना, त्याच वाटेने पुन्हा जावयाचे ठरले. ही कल्पना कन्येचीच. नकाशावर तिने वांगणीच्या नावापुढे खूण केली. थांबण्याची खूण कोणती आणि ही कोणती, हे आम्ही तिला विचारले नाही.