पांढरीची माती

आमच्याकडे काळी म्हणजे रान आणि पांढरी म्हणजे गावठाण. जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटवल्या, राख टाकली, पडक्या भिंतींवर नव्या भिंती उभ्या केल्या, तिथली माती पांढरट होते. नेवाशाला प्रवरेच्या काठी अशी पांढरी पुष्कळ. मिरगाआधी धाब्यावर तिचा थर टाकला की घर गळत नाही. लहानपणी आजीबरोबर मीही पाट्या वाहिल्या. मातीत खापरं निघायची, त्यांच्या ठिकऱ्या करून आम्ही खेळायचो.

नेवासं म्हटलं की लोक पैसाच्या खांबाकडं जातात. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, त्याला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. तिथं आम्ही चपला काढून आत जायचो. पांढरीवर मात्र कुदळ घालायचो. दोन्ही जुनंच, पण खांबाशी एक नाव जोडलेलं, पांढरीशी कुणाचंच नाही.

पुढं वाचनात आलं. १९५४ ते १९५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळियांनी इथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं गेलेलं लेकरू घरातच भुईखाली पुरायची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली, रेशमाच्या दोऱ्यात ओवलेली.

सुट्टीत आलो तेव्हा आजीला हे सांगितलं. म्हटलं, "आजी, आपण पाप केलं गं. कुणाची लेकरं आपण धाब्यावर टाकली असतील."

आजी बराच वेळ गप्प. तिचं पहिलं लेकरू सव्वा महिन्याचं गेलेलं. बांधाच्या कडंला पुरलं होतं. वाटण्या झाल्या, बांध सरकला. "तिथं आता ऊस हाये," ती म्हणाली. "मी कुणाला काय बोल्ले न्हाई. त्यान्ला ठावं नव्हतं. पाप कशाचं? घर गळत व्हतं. पर आता तुला ठावं झालंय. आता पाटी घिऊन जाशील का, ते सांग."

मी लगेच "नाही" म्हणालो. ते उत्तर सोपं होतं, कारण तोवर आमच्या घरावर स्लॅब पडला होता. मातीची गरजच उरली नव्हती. गरज संपल्यावरचा मोठेपणा कितीसा खरा?

आजी गेली. वारसा जपावा असं मीही चारचौघांत म्हणतो. पण गळक्या घरात पोरं भिजत असती आणि हे सगळं ठाऊक असतं, तर मी काय केलं असतं? आजीचा प्रश्न खरं तर हाच होता, आणि त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. एवढं मात्र झालंय, की घराचा पाया खणताना खापर निघालं तर मी गड्याला थांबवतो. हातानं माती बाजूला करून बघतो, आणि मगच पुढं खण म्हणतो.