उगाच फिरण्याचा हक्क

जर्मनीच्या वाहतूक नियमांत तिसाव्या कलमात एक मजेशीर तरतूद आहे. वस्तीमध्ये, इतरांना त्रास होईल अशा रीतीने, विनाकारण इकडून तिकडे गाडी फिरवायला मनाई आहे. दंड १०० युरो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. कारण हा नियम मी लहानपणापासून ऐकत आलोय, फक्त तो जर्मनमध्ये नव्हता आणि त्याला कलम क्रमांक नव्हता. "काही काम आहे का बाहेर? नाही ना? मग उगाच पेट्रोल कशाला जाळतोस?" गाडी घेतलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबांनी हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं.

'उगाच' हा फार छान शब्द आहे. त्यात आरोप आहे आणि सुटकाही आहे. "का हसतोस?" "उगाच." संपलं. पुढे कोणी काही विचारत नाही. मला गेली काही वर्षं हा शब्द छळतोय. कारण मला जे सगळ्यात जास्त आवडतं ते मी उगाच करतो, आणि त्याचा आवाज होतो.

मी स्टुटगार्टमध्ये राहतो, सॉफ्टवेअर लिहितो. पेट्रोलवर चालणारी पहिली मोटरसायकल १८८५ साली इथेच, कान्श्टाटमध्ये बनली. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात इंजिन बसवलं, ते चालतं का हे बघायला. म्हणजे त्या पहिल्या मोटरसायकललाही कुठे पोचायचं नव्हतंच. मला हे कळल्यावर बरं वाटलं.

बरं वाटायचं कारण असं की परदेशात राहणाऱ्या माणसाला सतत कुठेतरी पोचायचंच असतं. इथल्या कायद्यात तात्पुरता निवास परवाना कुठल्यातरी उद्देशासाठीच मिळतो. शिक्षण, नोकरी, कुटुंब, जे असेल ते. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो: कशासाठी? ऑफिसात तेच. जिराच्या प्रत्येक तिकिटाला विचारलं जातं, याचा धंद्याला उपयोग काय? घरी फोन केला तरी तेच. "तिकडे राहून काय करणारेस पुढे?" मी आळशी माणूस नाही, मला उत्तरं देता येतात. पण दिवसभर उत्तरं देऊन झाल्यावर, जिथे कोणी 'कशासाठी' विचारत नाही अशी एखादी जागा लागते. काही जणांना ती देवळात मिळते, काहींना क्रिकेटमध्ये. मला ती घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये मिळते.

तिथवर पोचायला मात्र भरपूर उत्तरं द्यावी लागतात, हा विनोद वेगळा. इथे राहायला आल्यावर सहा महिन्यांनी भारतीय लायसन्सचा उपयोग संपतो. मग लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा परत. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सात वर्षं गाडी चालवलेल्या मला परीक्षकासमोर, माणूस चालतो त्या वेगाने, शंकूंमधून नागमोडी जावं लागलं. गाडी घेतली सेकंडहँड, ७०० सीसीची. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून बरेच जण हंगामी नंबरप्लेट घेतात. माझ्या प्लेटच्या उजव्या कडेला ०३ आणि १० असे आकडे आहेत. मार्च ते ऑक्टोबर. उरलेले चार महिने ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही, त्यामुळे गॅरेजचं भाडं. वर्षातले चार महिने मी एका झाकलेल्या गाडीचा घरमालक असतो.

मग मार्च येतो. स्टुटगार्टहून सकाळी निघालं की ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरावरून जाणारा बी-५०० रस्ता लागतो, बाडेन-बाडेन ते फ्रॉइडनश्टाट. वळणाआधी गिअर खाली, इंजिनचाच ब्रेक, नजर वळणाच्या शेवटाकडे, आणि गाडी आपोआप कलते. आपण जिथे बघतो तिथे गाडी जाते. हे पाच सेकंद मी नोकरीत नसतो, व्हिसावर नसतो, कोणाचा मुलगाही नसतो. यातून काहीही निष्पन्न होत नाही. मी जिथून निघालो तिथेच परत येतो.

अडचण अशी की मी एकटा नसतो. मार्चमधल्या पहिल्या उन्हाच्या रविवारी सगळा दक्षिण जर्मनी तिथेच आलेला असतो.

आणि रविवार इथे साधासुधा वार नाही. तो विश्रांतीचा दिवस म्हणून राज्यघटनेतच संरक्षित आहे. १९१९च्या घटनेतलं ते कलम १९४९ मध्ये जसंच्या तसं पुढे घेतलं गेलं. दुकानं बंद, लॉनमोअर बंद, रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकायलाही बंदी. आपल्याकडे शांतता हा बंगल्याचा भाग असतो, ज्याची ऐपत असेल त्याने घ्यावी. इथे ती आठवड्यातून एकदा सगळ्यांना सारखी वाटली जाते. सुरुवातीला मला हे रविवार अंगावर यायचे. आता आवडतात.

एका रविवारी डोंगरातल्या एका गावात पाणी भरायला थांबलो. कुंपणापलीकडे एक आजोबा कॉफी घेत बसले होते. गाडीचं कौतुक केलं, कुठून आलात विचारलं, बाटली भरून दिली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "पहिली मोटरसायकल जाते तेव्हा मीसुद्धा मान वळवून बघतो. तरुणपणी माझ्याकडेही होती. पण दुपारपर्यंत दोनशे जातात हो. मग शेजारी बसलेल्या बायकोचं बोलणं ऐकू येत नाही."

मी काही चूक केली नव्हती. गाडीचा कागद खिशात होता, त्यात उभ्या गाडीच्या आवाजाची नोंद असते. माझी ८९ डेसिबल, सगळं कायदेशीर. वेग मर्यादेत. पण दोनशेमध्ये मी होतोच. पावसाच्या कुठल्या थेंबाने पूर आला हे सांगता येत नाही, म्हणून पूर आला नाही असंही म्हणता येत नाही.

हे भांडण इथे जुनं आहे. २०१९ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या गावांनी मोटरसायकलच्या आवाजाविरुद्ध एकत्र आघाडी उघडली. मे २०२० मध्ये जर्मन संसदेच्या वरच्या सभागृहाने ठराव केला: नव्या गाड्यांचा आवाज ८० डेसिबलच्या आत ठेवा आणि गरज पडेल तिथे रविवारी, सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलना बंदी घालता यावी. त्यावर अनेक शहरांत हजारो बाइकर रस्त्यावर उतरले आणि केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी नव्या बंद्या नकोत असं सांगितलं. त्याच उन्हाळ्यात शेजारी ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये, कागदावर ९५ डेसिबलहून जास्त नोंद असलेल्या मोटरसायकलना काही रस्त्यांवर मनाई झाली.

बाइकर मित्रांचं म्हणणं ठरलेलं असतं. ट्रकचा आवाज होत नाही का? ट्रॅक्टरचा? चर्चच्या घंटेचा? त्यावर गाववाल्यांचं उत्तरही ठरलेलं: ट्रकला काम असतं, तुम्ही उगाच फिरता.

इथे मला शोपेनहाउअर आठवतो. फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्या या तत्त्वज्ञाने १८५१ साली आवाजावर एक चिडलेला निबंध लिहिला. त्याचा सगळा राग गाडीवानांच्या चाबकाच्या कडकडाटावर होता. त्याचं निरीक्षण अचूक होतं: कडकडाटाने घोडा जोरात धावत नाही, त्याला त्या आवाजाची कधीच सवय झालेली असते. म्हणजे आवाज वाया जातो, फक्त रस्त्यावरच्या सगळ्यांची डोकी दुखवून. सायलेन्सर काढलेल्या बुलेटचा याहून नेमका अभ्यास कोणी केलेला नाही. पण पुढे तो घसरतो. त्याच्या मते खरा गुन्हा हा की, या आवाजाने विचार करणाऱ्या माणसाचे विचार तुटतात आणि ते विचार गाडीवानाच्या खेपेपेक्षा फार मोलाचे असतात. म्हणजे त्याने मोजपट्टी उपयोगाचीच ठेवली, फक्त स्वतःला वरच्या टोकाला बसवलं.

आता त्या आजोबांकडे बघा. ते कुठलाही मोठा विचार करत नव्हते. कॉफी पीत होते. त्यांच्या बसण्याचा उपयोग काय? काहीच नाही. ते उगाच बसले होते, मी उगाच फिरत होतो. ट्रकपुढे माझी बाजू पडते तशी त्यांचीही पडते. उपयोगच बघायचा असेल तर रविवारी लाकडं कापणारा कारखाना आम्हा दोघांपेक्षा श्रेष्ठ आहे. रविवार राखून ठेवलाय तो उपयोगापासूनच. म्हणून 'तुम्ही उगाच फिरता' हा आरोप त्यांनी माझ्यावर करू नये. तो उलटून त्यांच्यावरच येतो.

मग आम्ही बरोबरीचे? पूर्ण नाही. त्यांची शांतता माझ्या अंगणात येत नाही, माझा आवाज त्यांच्या अंगणात जातो. हजार माणसं शेजारी शेजारी गप्प बसू शकतात. कानाला पापणी नसते, त्यामुळे आवाजापुरता माणूस दार लावू शकत नाही.

पण 'मला त्रास होतो' एवढ्यावर निकाल द्यायलाही मी तयार नाही. परदेशात राहणाऱ्याला हे पटकन कळतं. आमच्या फोडणीच्या वासाचा त्रास होतो. फोनवर मराठीत मोठ्याने बोलण्याचा होतो. काहींना आमच्या नुसत्या असण्याचा होतो. पाळणाघरांतल्या मुलांच्या दंग्याविरुद्ध इथे लोक कोर्टात जायचे. शेवटी २०११ मध्ये कायदा बदलावा लागला की पाळणाघर आणि खेळाच्या मैदानावरचा मुलांचा आवाज हा सहसा घातक मानायचा नाही. त्रास खरा असला तरी प्रत्येक त्रास तक्रार होत नाही, हे कायद्याने मान्य केलं.

फरक कुठे आहे? मी इंजिनिअर असल्यामुळे मला एकच चाचणी सुचते: हा भाग काढून टाकला तर मूळ गोष्ट चालते का? मुलांच्या खेळातून ओरडणं काढलं तर खेळ उरत नाही. फोडणीतून वास काढला तर फोडणी उरत नाही. वळणावरच्या माझ्या पाच सेकंदांतून दहा डेसिबल काढले तर? सगळं जिथल्या तिथे राहतं. गाडी तशीच कलते. आणि दहा डेसिबल म्हणजे थोडेथोडके नव्हेत: ९० डेसिबलच्या एका गाडीत ८० डेसिबलच्या दहा गाड्यांची ध्वनिशक्ती असते.

माझे काही मित्र म्हणतात, आवाज हाच तर खरा आनंद. काही म्हणतात, मोठ्या आवाजाने जीव वाचतो. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. सायलेन्सरचं तोंड मागे असतं आणि वळणारी कार समोरून येते. पहिल्याचं अवघड आहे, कारण ते खोटं बोलत नाहीत. पुण्यात बुलेटची डगडग ऐकून माझीही मान वळायची. पण मग तो आनंद फिरण्याचा नाही, ऐकवण्याचा आहे. ऐकवायचं असेल तर ऐकणाऱ्याला विचारावं लागतं. गाणाऱ्यांनाही लागतं.

तरीही दोनशेचा प्रश्न सुटत नाही. दोनशे शांत गाड्या मिळून शांतता होत नाही. माझ्याकडे त्यावर तत्त्वज्ञान नाही, सवयी आहेत. त्या गावांतून शक्यतो गुरुवारी संध्याकाळी, ऑफिस लवकर आटपून जातो. वस्तीत वरचा गिअर, कमी आरपीएम. रविवारी लांबचे, कमी वर्दळीचे रस्ते धरतो. बी-५०० मला आवडतो, पण तो माझ्या एकट्याचा नाही, आणि वाटून घेणं म्हणजे कधीकधी न जाणंही असतं.

आणि बदल्यात माझं एकच मागणं आहे. टिरोलचा नियम विचारतो, आवाज किती? रविवारची बंदी विचारते, केव्हा? दोन्ही प्रश्न मला टोचतात, पण दोन्ही रास्त आहेत. वाईट प्रश्न आहे तो तिसाव्या कलमातल्या 'विनाकारण' या शब्दात लपलेला: कशासाठी? सायरन वाजवत जाणाऱ्या अॅम्ब्युलन्सला कारण असतं, म्हणून आपण तिचा आवाज माफ करतो. कारण असलं तर माफी मिळू शकते. पण कारण नसणं हा गुन्हा होऊ शकत नाही. माणसाकडे स्वतःच्या असण्याचा हिशोब मागायची सवय एकदा लागली की ती मोटरसायकलपाशी थांबत नाही. ती बागेत बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत जाते, कट्ट्यावर बसलेल्या पोरांपर्यंत जाते, दुसऱ्या देशातून आलेल्या माणसापर्यंत तर सगळ्यात आधी जाते.

इलेक्ट्रिक मोटरसायकली आता रस्त्यावर दिसायला लागल्या आहेत. महाग आहेत, एका चार्जवर फार लांब जात नाहीत, आणि माझ्या ग्रुपमध्ये त्यांना कोणी मोटरसायकल मानत नाही. मी मात्र त्यांची वाट बघतोय. एखाद्या रविवारी दोनशे गाड्या त्या गावातून जवळजवळ आवाज न करता जातील. तेव्हा बाइकरांपैकी कोणाला फिरायचं होतं आणि कोणाला ऐकवायचं होतं ते कळेल. गावकऱ्यांपैकी कोणाला आवाजाचा त्रास होता आणि कोणाला दुसऱ्याच्या 'उगाच'चा, तेही कळेल.