चषकावरचे नाव

एडी ओल्चिक हा शिकागोचा आइस हॉकीपटू, पुढे टीव्हीवरचा नामवंत समालोचक. 1994 साली त्याच्या न्यूयॉर्क रेंजर्स संघाने स्टॅनली चषक जिंकला. विजेत्यांची नावे या चषकावर कोरतात. ओल्चिक साखळीत 37 सामनेच खेळला होता. नियमात ते बसेना. संघाने रदबदली केली, तेव्हा नाव कोरले गेले.

ही कृपा की न्याय? द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांना पूर्ण मजुरी मिळाली, ती धन्याची कृपा. ओल्चिक मात्र उशिरा आलेला नव्हता. हंगामभर तो संघासोबतच होता. आम्हांला तरी हा न्यायच वाटतो. 2017 साली त्याला आतड्याचा कर्करोग झाला, तेव्हाही उपचार चालू असतानाच तो समालोचनाला परतला.