पोचा काढावा कीं राहूं द्यावा?

भिवंडीच्या आसपासच्या गांवांत लग्नसराई सुरू झाली म्हणजे पितळी बँडाचा आवाज दूरवर ऐकूं येतो. त्या बँडांतील वाद्यें जवळून पाहिलीं तर निर्दोष अशीं फार थोडीं आढळतात. गाडींत चढवितां-उतरवितांना, वरातीच्या गर्दींत, भिंतीचा कोपरा लागून त्यांस पोचे पडतात. या पितळी कुळांत सर्वांत मोठें व सर्वांत खोल आवाजाचें वाद्य म्हणजे ट्यूबा. त्याच्या पोच्यांविषयीं आज लिहावयाचें आहे; आणि त्या निमित्तानें अशा एका प्रश्नाविषयीं, जो आपल्या प्रत्येक मंडळीपुढें केव्हां ना केव्हां येतोच: पतन पावलेल्या बंधूस पूर्वस्थितीवर आणण्यासाठीं किती जोर लावणें न्याय्य आहे?

कोणी म्हणेल, वाद्याचा आणि धर्माचा संबंध काय? उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायांत वाद्यें वाजविणारांचा मूळपुरुष युबाल आणि धातूचीं हत्यारें घडविणारा तुबल-काइन हे एकाच लामेखाचे पुत्र सांगितले आहेत. गणनेच्या दहाव्या अध्यायांत मोशेला रुप्याचे दोन कर्णे करण्याची आज्ञा झाली, तेही घडीव कामाचे. मुक्तिफौजेचे फ्रेडरिक टकर १८८२ सालीं मुंबईंत उतरले आणि लवकरच रस्त्यानें मिरवणूक काढल्यावरून पकडले गेले. त्यांच्या फौजेच्या उपासनेंत पितळी वाद्यांस मोठा मान आहे. असो. ट्यूबा मात्र वयानें लहान. बर्लिन येथें विप्रेख्त व मोरित्स यांनीं १८३५ सालीं तो प्रथम सिद्ध केला. त्याची नळी उलगडली तर मोठ्या जातीच्या ट्यूब्यांत ती सुमारें १८ फूट भरते.

पातळ पत्र्याच्या वाद्यास जरा धक्का लागला कीं पोचा पडतो, आणि तो निघतोही लवकर. नळींत पोलादी गोळा घालावा, बाहेरून जोरदार लोहचुंबक फिरवावा, गोळा पत्र्याला आंतून दाबीत जातो व खळगा भरून येतो. जाड पत्र्याचें वाद्य तसें नाहीं. त्याला सहसा पोचा पडत नाहीं. पण पडला तर घाव मोठा होता असें समजावें. तेथें चुंबकाची ओढ पुरत नाहीं. वांकलेल्या नळीचे डाग तापवून ती सुटी करावी लागते, दांडीवर बसविलेला गोळा आंत नेऊन नळी त्यावर टेकवावी लागते, आणि मग हलक्या हातानें ठोके द्यावे लागतात.

ठोके कोठें द्यावे, यांतच सारें कौशल्य आहे. नवशिका खळग्याच्या तळाशींच जोर करतो. तळ वर येतो खरा, पण पत्रा ताणून पातळ होतो आणि खळग्याच्या जागीं फुगवटा उभा राहतो. जाणता कारागीर आधीं कडेची उंच वळी पाहतो. पोचा पडतांना सभोंवार जी कड उठते, तीच खळग्यास धरून ठेवते. ती थोडी थोडी बसवीत आंत सरकलें म्हणजे तळ पुष्कळसा आपोआप उचलला जातो.

आतां एखाद्या लहान गांवची मंडळी डोळ्यांपुढें आणा. वीस वर्षें निष्ठेनें वागलेला वडील दारूच्या नादीं लागला. पंचांची सभा भरते आणि पहिलाच घाव तळावर बसतो: सर्वांपुढें उभा राहा, पापाचें नांव घे, कबुली दे. सावकाराचें कर्ज, घरांतील अबोला, रोज संध्याकाळीं हांक मारणारे सोबती, ही कड कोणी पाहत नाहीं. तो माणूस कबुली देतो. आणि त्यानंतर त्याच्या बोलण्यांत जो ताठा येतो, तो मूळ दोषाहून वाईट असतो. दुबळ्या मनाच्या माणसास दोन शब्द पुरतात. भारदस्त माणसास अधिक जोर लागतो असें आपण समजतों. माझ्या मतें त्याला जोर नव्हे, वेळ अधिक लागतो.

याचें एक विलक्षण उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. इंग्रजी फौज पावसाळ्यांत पितळी काडतुसें पागांत ठेवून देई. ऋतु पालटल्यावर पाहावें तों पुष्कळांस तडे गेलेले, कोणी हात न लावतां! १९२१ सालीं याचा उलगडा झाला. तापविल्यावांचून ओढून-दाबून घडविलेल्या पितळेंत ताण कोंडून राहतो. घोड्यांच्या मुतापासून निघणारी अमोनियाची उग्र वाफ लागली कीं तो ताण तड्याच्या रूपानें बाहेर पडतो. उपाय साधा होता: घडविल्यानंतर धातूला पुन्हां ऊब देऊन ताण घालविणें. ज्या बंधूस आपण सभेंत ठोकून सरळ केलें, त्याच्या घरीं पुढील महिन्यांत कोण जाऊन बसलें?

तथापि प्रत्येक पोचा काढलाच पाहिजे असेंही नाहीं. ठोक्यागणिक पितळ कठीण होतें व ठिसूळपणाकडे झुकतें. ट्यूब्याच्या रुंद तोंडावर तळहाताएवढा खळगा असला तरी स्वरांत फारसा फरक पडत नाहीं. परंतु जेथून फुंकर आंत जाते त्या अरुंद नळींत हरभऱ्याएवढा पोचाही वाजविणाऱ्यास छळतो. आमच्या मंडळ्या बहुधा उलट वागतात. कोणी नातलगाच्या वरातींत नाचला तर महिनाभर चर्चा. पण उपदेशकानें दानाच्या पेटींतले थोडे रुपये न विचारतां वापरले, तर रक्कम लहान म्हणून सर्व गप्प. पहिला खळगा डोळ्यांस दिसतो, दुसरा श्वासाच्या वाटेंत आहे. दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणें ही दया नव्हे.

कांहींजण म्हणतील, कित्येक माणसें दुरुस्तीपलीकडचीं असतात. धातूंत असा प्रकार आहे खरा. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतल्यावर तेथील चर्चांच्या घंटा महाराष्ट्रांतील अनेक देवळांत गेल्या. त्याच मोहिमेच्या नवसाचें वज्रेश्वरीचें देऊळ भिवंडी तालुक्यांत आहे. घंटेच्या कांशांत तांब्याबरोबर सुमारें पांचवा हिस्सा कथील असतें, म्हणून तिला पोचा पडत नाहीं, तडा जातो. आणि तडकलेली घंटा सहसा वितळवून पुन्हां ओतावी लागते. परंतु अमका मनुष्य कांशाचा कीं पितळेचा, हें ठरविण्याची कसोटी पंचांच्या हातीं दिलेली नाहीं. गलतीकरांस लिहितांना, दोषांत सांपडलेल्यास पुन्हां ताळ्यावर आणा, असें पौलानें सांगितलें तेव्हां त्यानें जो ग्रीक शब्द वापरला, तोच मार्कानें पहिल्या अध्यायांत योजला आहे: जब्दीचे मुलगे तारवांत बसून जाळीं नीट करीत होते, त्या ठिकाणीं. भिवंडीच्या खाडीवरील कोळी बंधूंस तें काम ठाऊक आहे. फाटलेलें जाळें मांडीवर घेऊन ते एकेक गांठ बांधीत बसतात, आणि भरती येण्याच्या आंत पुन्हां पाण्यांत टाकतात.