शेजारचा पत्रा

मे महिन्यातली संध्याकाळ. मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसलेलो, आणि लातूरहून आईचा फोन. "वावधान सुटलंय, लाईट गेली, आणि शेजारचा पत्रा आपल्या गच्चीवर आलाय." 'आलाय' म्हणाली, जणू पाहुणाच.

पत्रा दहा फुटी होता. आमच्याकडे लातूर-नांदेड पट्ट्यात पत्र्याच्या घरावर दगड ठेवतात, हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. हुक-बोल्टला पैसे लागतात, दगड फुकट मिळतो. नांदेडला इंजिनिअरिंग करताना ज्या खोलीत राहायचो तिच्यावरही सात दगड होते. मी मोजले होते, कारण जोराचा वारा आला की दुसरं सुचायचं नाही. तर त्या दिवशी मामांचे दगड घसरून त्यांच्याच अंगणात पडले. नशीब, खाली कोणी नव्हतं. पत्रा मात्र उडाला आणि थेट आमच्या सोलरवर येऊन आदळला. वीस नळ्यांपैकी अकरा फुटल्या, टाकीला पोचा आला. दुरुस्तीचा आकडा चौदा हजार.

त्याच वाऱ्यात गल्लीतल्या आणखी एका घराचा पत्रा उडाला. तो मोकळ्या प्लॉटमध्ये पडला, मालकाने उचलून परत नेला. त्याच्याबद्दल कोणी काही बोललं नाही. त्याच्याही पत्र्याला हुक नव्हते, दगडच होते. दोघांचा हलगर्जीपणा सारखाच. मग एकजण गुन्हेगारासारखा खाली मान घालून फिरतोय आणि दुसरा चहा पितोय, हे कसं? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये याच कोड्याला 'मॉरल लक' असं नाव दिलं. पत्रा कुठे पडेल हे वारा ठरवतो, पण दोष माणसाच्या नावावर चढतो.

मी इंजिनिअर, त्यामुळे पहिलं काम म्हणजे ईमेलमध्ये पॉलिसी शोधणं. गृहकर्जाबरोबर बँकेने गळ्यात मारलेली होती, पप्पांनी कधी उघडूनही पाहिली नव्हती. भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून आगीचा विमा विकणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. तिच्यात वादळ आहे, बाहेरची वस्तू येऊन आदळणं आहे, आणि 'घर' या शब्दात कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, सोलर पॅनलसुद्धा येतं. पाणी तापवणारा सोलर त्यात धरतील का, यावर थोडी घासाघीस होईल असं वाटलं, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडली. चूक कोणाची, हे सिद्ध करायची गरज नाही. वादळ झालं, नुकसान झालं, संपलं. आमच्या ऑफिसात सर्व्हर पडला की 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' करतात. कोणी बटण दाबलं हे लिहायचं नाही, काय बिघडलं तेवढंच लिहायचं. तसंच हे.

पण पुढे एक बारीक पाचर आहे. कंपनीने आपल्याला पैसे दिले की ती आपल्या जागी उभी राहते, आणि ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्याकडून ते वसूल करायचा आपला हक्क तिच्याकडे जातो. चौदा हजारांसाठी कोणी मामांच्या दारात येणार नाही, हे मलाही कळतं. पप्पांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "हक्क जातो म्हणजे आपल्याकडं तो होता. मामावर आपला असला हक्क कधीपासून?" मला उत्तर देता आलं नाही.

कायदा काय म्हणतो? इंग्लंडात १८६० मध्ये रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने बांधलेल्या तलावाचं पाणी शेजारच्या फ्लेचरच्या कोळसा खाणीत घुसलं. रायलंड्सची स्वतःची चूक नव्हती, काम कंत्राटदारांनी केलं होतं. तरी १८६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने त्यालाच भरपाई द्यायला लावली. धोक्याची वस्तू तू आणून साठवलीस, ती सुटली, तर तू निस्तर. आपल्याकडेही हे तत्त्व मानतात. पण घरावरचा पत्रा म्हणजे काही तलाव नव्हे, तिथे निष्काळजीपणाच दाखवावा लागणार. आणि मामांचा वकील म्हणेल, देवाची करणी. यावर माझा प्रश्न एवढाच, की जो वारा दर वर्षी मे महिन्यात येतो, ती देवाची करणी कशी? ते कॅलेंडर झालं.

लातूरपासून फार लांब नसलेल्या बसवकल्याणला, तेव्हाच्या कल्याणीत, साधारण नऊशे वर्षांपूर्वी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली. त्या स्मृतीत दुसऱ्याच्या जनावराने पीक खाल्लं तर काय, याचा हिशेब आहे. म्हशीला आठ माष दंड, गाईला त्याच्या निम्मा, शेळी-मेंढीला त्याच्याही निम्मा. शिवाय जेवढं पीक गेलं तेवढं शेतकऱ्याला भरून द्यायचं. पण शेत रस्त्याच्या किंवा गावाच्या कडेला असेल आणि जनावर नकळत शिरलं असेल, तर दोष नाही. मला हे वाचून गंमत वाटली. म्हणजे अशा जागी कुंपणाची काळजी शेतवाल्यानेच घ्यायची, असं मी समजलो. मग पत्र्याच्या घराशेजारी गच्चीवर उघड्या काचेच्या नळ्या कोणी लावल्या? आम्हीच. जाळी बसवायला दोन हजार लागले असते.

कारच्या बाबतीत हा घोळ नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. शेजाऱ्याने रिव्हर्स घेताना आपली भिंत पाडली, तर निदान विचारायला एक जागा आहे. पत्र्याला थर्ड पार्टी नसते. ज्याला हुक परवडत नाहीत त्याने प्रीमियम भरावा, असं म्हणणाराही मी नाही.

खरी गोष्ट चौथ्या दिवशी घडली. मामा घरी आले. हातात रुमालात बांधलेले दोन हजार. "सर, आमच्या पत्र्यानं तुमचं लई नुकसान झालं. आत्ता एवढेच आहेत." पप्पा शिक्षक, आयुष्यभर असल्या प्रसंगी जे म्हणत आले तेच म्हणाले. "राहू द्या की मामा. वाऱ्याला कोण काय करणार?" मामांनी दोनदा पुढे केले, पप्पांनी दोनदा हात मागे घेतला. मामा चहा न घेता गेले. त्यानंतर ते आमच्या दारावरून जायचे बंद झाले. दुधाला मागच्या बोळातून जायला लागले.

मला आधी वाटलं, विचित्र माणूस आहे, पैसे वाचले तर खूश व्हायला हवं. मग विल्यम्सचा ट्रक ड्रायव्हर आठवला. त्याची काही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येतं. आपण त्याला समजावतो, तुझी चूक नाही. पण त्याने लगेच "हो, नाहीच" म्हणून जेवायला सुरुवात केली, तर आपल्याला तो माणूस खटकेल. मामा दोन हजार घेऊन आले ते चौदा हजारांचा हप्ता म्हणून नव्हे. त्यांचा पत्रा होता, तर त्यांना काहीतरी करायचं होतं. ते करायची जागाच आम्ही ठेवली नाही. स्लॅबच्या घराने पत्र्याच्या घराला माफ केलं, आणि माफी मागायला आलेल्या माणसाला आपण गरीब आहोत एवढंच ऐकू गेलं. आई त्याच रात्री म्हणाली होती, "घ्यायला पाहिजे होते. निदान पाचशे." तेव्हा मी आणि पप्पा दोघांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

क्लेम केलाच नाही. नळ्या पप्पांच्या पेन्शनमधून आल्या. बसवायच्या दिवशी पप्पा स्वतः मामांच्या दारात गेले आणि म्हणाले, शिडी तुमची लागणार आहे, आणि धरायला माणूसही. मामा आले. दिवसभर गच्चीवर होते, फारसं बोलले नाहीत. जेवायला मात्र बसले. जाताना त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढून आईच्या हातात दिली, आणि आईने पप्पांकडे न बघता ती पदराला बांधली.

यंदा एप्रिलमध्ये घरी गेलो तेव्हा मामांच्या पत्र्यावर हुक दिसले, अर्ध्या भागावर. उरलेल्या अर्ध्यावर अजून दगड आहेत. आमच्या नळ्यांवर जाळी अजून बसलेली नाही.