हापसा कुठे बसवायचा

आमच्या कड्याहून आष्टीवरून पुढे गेलं की जामखेड येतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर नवरा-बायको 1970 साली तिथे कामाला आले. दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. शहरात दवाखाना थाटून त्यांना सुखात राहता आलं असतं. ते इकडे आले आणि पाठोपाठ 1972चा दुष्काळ आला. औषधाच्या आधी माणसाला पाणी आणि भाकरी लागते हे त्यांनी ओळखलं, आणि गावोगाव बोअर घेऊन हापसे बसवायचं काम हाती घेतलं. गावात हापसा येणार म्हटलं की तो कुठे बसणार हे तेव्हा जवळजवळ ठरलेलंच असायचं: पाटलाच्या वाड्याजवळ, नाहीतर देवळापुढच्या पारापाशी. आरोळ्यांनी पाणी बघणाऱ्या जाणकाराला सांगून ठेवलं, की जागा दलित वस्तीतच शोधा. हापसा तिथे बसला. ज्या वस्तीच्या वाऱ्याला गाव उभं राहत नव्हतं, त्याच वस्तीत गावच्या बाया हंडे-कळश्या घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या.

भाषण नाही, मोर्चा नाही, कुणाला उपदेशाचा एक शब्द नाही. पाणी तेच, खर्चही तेवढाच. फक्त जागा बदलली आणि गावाची पायवाट बदलली.

गरिबांसाठी काही करायचं ठरलं की आपल्यात पहिला प्रश्न निघतो तो 'किती'चा. किती पोती धान्य, किती ब्लँकेटं, पंगतीत किती पानं उठली. 'कुठे' हा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर आपण गृहीत धरलेलं असतं: आपल्या सोयीच्या ठिकाणी. घेणाऱ्याने तिथवर यायचं, रांगेत उभं राहायचं, नाव सांगायचं. यात देणाऱ्याच्या मनात काही वाईट असतं असं नाही. आमच्या घरात माळ आहे, वारीची परंपरा आहे, आणि अन्नदान करणाऱ्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण देणारा आपल्या जागेवरून हलला नाही, तर घेणाऱ्याची जागाही हलत नाही, हे आरोळ्यांच्या त्या हापशाने मला फार स्पष्ट दाखवलं.

लूकच्या शुभवर्तमानातली शोमरोन्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. लुटारूंनी झोडपून टाकलेला माणूस रस्त्याच्या कडेला पडलेला. धर्मकार्य करणारे दोघे त्याला बघून पलीकडच्या बाजूने निघून जातात. तिसरा, तो शोमरोनी, ज्याला ज्यू लोक हलक्या जातीचा समजत, तो थांबतो. या गोष्टीत त्याच्या दयेचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्याची पावलं महत्त्वाची वाटतात. तो त्या माणसापाशी जातो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो, तिथल्या माणसाला पैसे देतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणून सांगतो. परत येईन, हे तो बांधून घेतो. एकदा देऊन मोकळं होणं त्याने नाकारलं आहे.

याच पावलांचं शहरातलं रूप मुंबईत नागपाड्याला उभं राहिलं. अमेरिकन मराठी मिशन हे नाव आपल्या भागाला परकं नाही. 1813 साली मुंबईत आणि 1831 साली नगरला आलेलं हे मिशन. त्याच्याच सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचं शिक्षण त्यांच्याकडे घेतलं. या मिशनने 1927 साली 'नागपाडा नेबरहुड हाऊस' सुरू केलं. त्याची धुरा क्लिफर्ड मॅनशार्ट या शिकागोत शिकलेल्या पाद्र्याकडे होती. लंडनमध्ये 1884 साली टॉयन्बी हॉल आणि शिकागोत 1889 साली जेन अ‍ॅडम्स यांचं हल हाऊस निघालं होतं. शिकल्या-सवरल्या माणसांनी गरिबांच्याच मोहल्ल्यात राहायला जायचं आणि तिथून काम करायचं, हा त्यामागचा विचार. मॅनशार्टनी तो नागपाड्यात आणला. एका बाजूला कामाठीपुरा, दुसरीकडे मदनपुऱ्यातले विणकर, जवळच भायखळ्याच्या गिरण्या. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, ज्यू अशी सरमिसळ वस्ती, दहा बाय दहाच्या खोल्या. घाटावरून पोट भरायला गेलेली आपली किती माणसं अशा खोल्यांत राहिली असतील.

मॅनशार्टनी तिथे चर्चचा घंटानाद आधी नेला नाही. दवाखाना, आयांना बाळाच्या संगोपनाची माहिती, रात्रीचे वर्ग, वाचनालय, व्याख्यानं, मुलांसाठी खेळ. दाटीच्या मोहल्ल्यात क्रिकेटला मैदान कुठून आणायचं? बास्केटबॉलला मात्र थोडी जागा आणि एक कडं पुरतं. पुढे नागपाडा हे भारतातल्या बास्केटबॉलचं माहेर झालं. भारताचे कर्णधार राहिलेले, अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर याच गल्ल्यांतले.

आणखी एका गोष्टीचं मोल मला यापेक्षाही जास्त वाटतं. आत येणाऱ्याचा धर्म बदलावा म्हणून ही सेवा नव्हती. ज्याची श्रद्धा खरी असते त्याला ती दुसऱ्याला सांगावीशी वाटणारच. त्यात गैर काही नाही. पण समोरचा भुकेला आणि आजारी असताना, तो आपल्या उंबऱ्यात आलेला असताना, त्याच्या गरजेचा फायदा घ्यायचा नाही, हे पथ्य फार कठीण आहे. मिशनच्या माणसाने मिशनच्याच पैशातून उभ्या राहिलेल्या घरात ते पाळलं. मदतीच्या बदल्यात मत मागणाऱ्यांनी, फोटो मागणाऱ्यांनी, पाया पडून घेणाऱ्यांनी हे पथ्य एकदा समजून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. ख्रिस्ती असोत, हिंदू असोत, राजकारणातले असोत.

गल्लीत राहून काम करायचं तर नुसती चांगली इच्छा पुरत नाही, त्याचं शिक्षण लागतं, हेही मॅनशार्टना तिथेच उमगलं. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने 1936 साली समाजकार्य शिकवणारी शाळा निघाली. पहिल्या तुकडीत विद्यार्थी 20. वर्ग भरायचे ते याच नागपाड्याच्या घरात. खिडकीतून गल्ली दिसत होती आणि शिकायचं तेही गल्लीतच. 1944 साली तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, पुढे ती देवनारला गेली. मराठवाड्यात तुळजापूरला तिचं केंद्र आहे. आपल्याकडे सर्वेक्षणाला येणारी तिथली पोरं-पोरी एका पाद्र्याच्या मोहल्ल्यातल्या घराचे वारस आहेत, हे त्यांनाही कदाचित कुणी सांगितलं नसेल.

कडा काही मुंबई नाही. पण आता खेडंही राहिलेलं नाही. कांद्याचा बाजार मोठा आहे; 2022 साली नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन आलं. बाजार वाढला की त्याच्या कडेने एक वस्ती वाढते, पत्र्याची आणि ताडपत्रीची. कांदा निवडणाऱ्या बाया तिथेच राहतात. ढिगापाशी उकिडवं बसून त्या मोठा, मध्यम आणि गोल्टी वेगळा करतात, सडका बाजूला फेकतात; दिवसभरात मान वर होते ती पोरगं रडलं तरच. संध्याकाळी हाताला येणारा तो वास साबणाने जात नाही. दसरा-दिवाळी झाली की याच वस्तीतले कोयते उसाला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरमागे टायली भरते, आणि मागे राहतात आजी आणि शाळेतली नातवंडं. मार्च-एप्रिलपर्यंत ती पोरं अंधार पडला की काय करतात, कुणापाशी बसतात, अभ्यासात काय अडलं ते कुणाला विचारतात, याची गावात फारशी चौकशी होत नाही.

सध्या आमच्या कमिटीत पोरांसाठी अभ्यासिका काढायची चर्चा चालू आहे. वर्गणी जमेल, पुस्तकंही मिळतील, याबद्दल कुणाला शंका नाही. जागेसाठी पेठेतल्या एका मोकळ्या गाळ्याचं नाव पुढे आलं आहे. रस्त्यावर आहे, रंगरंगोटी झालेली आहे, उद्घाटनाला पाहुण्यांची गाडी दारापर्यंत येते. पण पत्र्याच्या वस्तीतली सातवीतली पोरगी दिवेलागणीनंतर पेठेत येणार नाही. आजी पाठवणारच नाही, आणि तिचं चुकत नाही.

म्हणून बैठकीत मी एवढंच मांडणार आहे: अभ्यासिका वस्तीत काढू. खोली पत्र्याची चालेल, वर जाड गवत टाकलं की उन्हाळ्यात निभावतं. दिवा मात्र भक्कम हवा, लाइट गेली तरी चालणारा. गुरुजींची पोरं, डॉक्टरांची पोरं, आमची पोरं, सगळी तिथेच जाऊन बसतील. पेठेत वेगळी शाखा काढायची नाही. हंगामात आई-बाप उसावर असतील तेव्हाही ती बंद राहायची नाही, उलट तेव्हा रोज उघडायची. आणि किल्ली कमिटीतल्या कुणाकडे न ठेवता कांदा निवडणाऱ्या बायांपैकी जी कामावरून आल्यावरही दार उघडायला तयार असेल तिच्याकडे द्यायची, त्याचा तिला महिन्याला मोबदला द्यायचा, आणि कुणी पोरगं दोन दिवस दिसलं नाही तर त्याच्या आजीकडे जाऊन विचारायचं कामही तिच्यावरच सोपवायचं.